बंडगर मॅडमचा कोरा नकाशा

बंडगर मॅडम कधी उभ्या राहून शिकवत नसत. वर्गात आल्या की खांद्यावरच्या पिशवीतून सोलापुरी चादरीचा एक घडी घातलेला तुकडा काढायच्या, व्यासपीठाच्या कडेला अंथरायच्या आणि त्यावर मांडी घालून बसायच्या. खुर्ची मागे रिकामी. नवी मुलं पहिल्या दिवशी एकमेकांकडे बघत. एखादा धीट मुलगा विचारी, "मॅडम, खुर्ची पुढे आणू का?" त्यावर त्या शांतपणे म्हणत, "राहू दे. तिला बी कधीतरी आराम पाहिजे की."

मी त्याच भूगोल विभागात नकाशाशास्त्र शिकवत असे. म्हणजे रेघा ओढायला शिकवत असे. माझा जीव शाईच्या पेनांत आणि ट्रेसिंग पेपरात. त्यामुळे मॅडम पहिल्यांदा विभागात आल्या आणि आपला विषय 'स्त्रीवादी आर्थिक भूगोल' असा सांगितला, तेव्हा मी तोंडावर सभ्य हसू ठेवलं आणि मनात म्हटलं, आता याचा नकाशा कसा काढायचा बुवा? माझं हसू त्यांनी बरोबर ओळखलं. दुपारच्या डब्याला माझ्यासमोर येऊन बसल्या, कडक भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीबरोबर माझ्या डब्यात टाकला आणि म्हणाल्या, "देशमाने सर, ऊस कुटं पिकतो, गिरण्या कुटं हायेत, माल कुटनं कुटं जातो, हे सगळं तुमी नकाशावर दावता. बाई काम करते तेबी कुणी कुणी दावतंय आता. पण दमल्यावर ती बसते कुटं, हे दावलंय का कुणी?"

मी म्हटलं, "घरी बसत असेल."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या टेबलावरचे प्राचार्य दचकले. "घरात गेल्यावर बसते व्हय बाई? तुमच्या घरी इचारून बगा."

मी घरी विचारलं. उत्तर इथं देत नाही.

मॅडम मूळच्या मंगळवेढ्याकडच्या. घरी मेंढरं. आई मेंढरांमागं चालायची आणि लहानगी मालन आईमागं. मालन हे मॅडमचं नाव. पुढे त्याला डॉक्टर जोडलं गेलं, तरी त्या फोनवर "मी मालन बोलतेय" असंच सांगत. आईच्या चालण्याबद्दल त्या क्वचितच बोलत. कुणी मेंढपाळांच्या वाटांवर फार हळवं बोलायला लागलं की मात्र त्या मध्येच तोडत. "वाटा लई जणांनी लिहिल्यात. माझी आई बोरीच्या झाडाखाली पाय पसरून बसायची, तेवढाच टाइम ती माझ्याशी बोलायची. ते झाड कुणी लिहिलंय का सांगा." पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी, 'बसणं' हा आर्थिक भूगोलाचा विषय कसा होईल, असं विचारलं होतं म्हणे. मॅडमनी त्यांना उलट विचारलं, "काम कुठं चालतं ते भूगोलात येतं, तर काम कुठं थांबतं ते का येऊ नये?" मार्गदर्शक भले गृहस्थ असावेत. त्यांनी विषय मंजूर केला.

त्यांचं पहिलं प्रॅक्टिकल साऱ्या विद्यापीठात गाजलेलं. विद्यार्थ्यांना सांगायच्या, शहरात कुठेही जा, एकट्यानं बसा आणि तुम्हाला कोण काय विचारतं ते ऐकून या. बस्स. मुलं जायची, चौकातल्या पारावर बसायची, चहा पिऊन परत यायची. कुणी काही विचारलंच नाही म्हणायची. मुली परतायच्या त्या धुमसत. कुणाची वाट बघतेस, घरी माहीत आहे का, इथं बसू नको पोरी, कुणाची गं तू? एकजण तर नुसतीच बसली होती, तिला एका भल्या माणसानं रिक्षात घालून घरी पोचवलं. रेश्मा नावाची एक हुशार मुलगी एसटी स्टँडवर गेली आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचल्यासारखं करत तासभर निवांत बसून आली. मॅडमनी तिला सर्वांसमोर उभं केलं. "हिला जमलं. का जमलं? पुरुषाला बसायला जागा लागते. बाईला कारण लागतं. हिनं जेऊरच्या गाडीचं कारण पैदा केलं."

पोरं हसली. मीही मागच्या बाकावर बसून हसलो, आणि संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक कट्ट्याकडे बघत गेलो. कुठेच बाई नव्हती. इतकी वर्षं या शहराचे नकाशे काढले, आणि हे मला दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मॅडमचे नकाशे काढू लागलो.

त्यांचा दुसरा लौकिक म्हणजे नीतिमत्ता समिती. माणसांवर संशोधन करायचं तर त्या माणसांची संमती घेतली का, त्यांना त्रास तर होणार नाही, हे तपासणारी विद्यापीठाची समिती. बाकीचे सदस्य तिथे बिस्किटं खायला जात. मॅडम एकच प्रश्न विचारायला जात. "हे त्यांना वाचून दाखवलं का?" ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांच्या दारात जाऊन ते त्यांना वाचून दाखवल्याशिवाय कागद पुढे सरकू द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक चुकून त्या बैठकीत शिरले होते. प्रश्न ऐकून ते म्हणाले, "मॅडम, मी कुणाला वाचून दाखवू? आम्लाला?" सगळे हसले, मॅडमही. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "ते आम्ल नाल्यातनं ज्यांच्या दारात जातं, त्यांना दाखवा." प्राध्यापकांनी बिस्किट खाली ठेवलं.

हा हट्ट त्यांना उगाच लागला नव्हता. त्यामागे त्यांची स्वतःची एक घोडचूक होती, आणि ती त्या प्रत्येक बॅचला न लाजता सांगत.

बंद पडलेल्या एका गिरणीच्या मागे एक बुटकी दगडी भिंत होती. विड्या वळणाऱ्या बायका कारखान्यात विड्या पोचवून परत जाताना त्या भिंतीवर टेकत. बहुतेक सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. घरी गेलं की पुन्हा चूल आणि पुन्हा मांडीवर विड्यांचं सूप; मधला तेवढा वेळ त्यांचा. मॅडम त्यांच्यात जाऊन बसायच्या. आपण होऊन काही विचारायच्या नाहीत. "आदी त्यांना इचारू द्या. त्यांचे प्रश्न संपले की आपला पहिला." त्या बायकांतली सर्वांत बोलकी चंद्रक्का. जाडसर चष्मा, तोंडात सदा सुपारी, आणि जगातल्या कुठल्याही माणसाला नावानं हाक मारायचा परवाना घेऊन आलेली. मॅडमना ती थेट 'मालन' म्हणायची.

या भिंतीबद्दल मॅडमनी लेख लिहिला, बायकांना वाचून न दाखवताच. तो कुण्या वार्ताहरानं पाहिला, त्याची बातमी झाली आणि बातमी एका नगरसेवकानं वाचली. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता. त्यानं दगडी भिंत पाडून तिथं झकास कट्टा बांधला. चकचकीत फरशी, स्टीलचं रेलिंग, रंगीत दिवे, 'महिला विसावा' अशी कमान आणि कमानीवर स्वतःचा हात जोडलेला फोटो. उद्घाटनाला प्रमुख पाहुण्या बंडगर मॅडम. शाल, नारळ, भाषण. चंद्रक्काच्या हस्ते फीत कापली. मीही टाळ्या वाजवल्या.

एवढा देखणा कट्टा पाहून पोरांनी तो सोडला असता तरच नवल. दिवे लागले की मोबाइल घेऊन टोळकी हजर. दुपारी पत्ते. बायका त्या रस्त्यानं मान खाली घालून जाऊ लागल्या आणि मग दुसऱ्याच रस्त्यानं जाऊ लागल्या. मॅडम एके दिवशी एकट्याच तिथं जाऊन बसल्या. पोरांनी अदबीनं जागा करून दिली, आणि एकानं विचारलं, "मावशी, कुणाची वाट बघताय?"

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी त्यांनी मला हे सांगितलं. भाकरी तशीच हातात. "देशमाने, माझ्याच प्रॅक्टिकलमधी मी नापास झाले." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्या डब्यात लोणचं वाढलं.

त्यानंतर बायकांनी दुसरी जागा शोधली. कुठली, ते मॅडमना बरेच दिवस ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. मग एके दिवशी चंद्रक्काच त्यांचा हात धरून घेऊन गेली. तिथून परत आल्या त्या एखाद्या नव्या नवरीसारख्या खुशीत. जागा अशी होती की शहराच्या मध्यात असून कुणाच्या नजरेत नाही. मला तिचा नकाशा काढायला सांगितला. मॅडमचं आयुष्यभराचं काम तेव्हा आकार घेत होतं: सोलापुरातल्या बायकांच्या बसायच्या जागांचा नकाशासंग्रह. विद्यापीठ तो छापणार होतं. त्याच्या जोरावर मॅडमना प्राध्यापकपदाची मुलाखत द्यायची होती. निवृत्ती जवळ आलेली, म्हणजे ती शेवटचीच संधी. त्यांना ते पद हवं होतं, आणि हवंय हे त्या लपवतही नसत. "आई असती तर तिला सांगायला बरं वाटलं असतं की, आता पुढं पायरी न्हाय म्हणून."

त्या शेवटच्या जागेचा नकाशा मी जीव ओतून काढला. झाडाची सावली दुपारी कुठे पडते आणि उन्हं उतरल्यावर कुठे, तेसुद्धा बारीक रेघांनी दाखवलं. आयुष्यात तसा नकाशा मी आधी काढला नव्हता आणि नंतरही नाही. बायकांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. एकच काम उरलं, वाचून दाखवणं.

चंद्रक्काच्या दारात सतरंजी टाकली. मॅडम वाचत होत्या, बायका विड्या वळत ऐकत होत्या, मी कोपऱ्यात नकाशा सांभाळत होतो. चंद्रक्का भिंतीला टेकून चक्क झोपली होती. वाचन त्या जागेपाशी आलं: अमुक रस्त्यानं या, तमुक वळण घ्या, हे ओलांडा. चंद्रक्कानं डोळे उघडले.

"मालन, हे काय वाचलीस?"

"आपली जागा, अक्का."

"असं लिवलीस तर माझा जावई बी येतंय की तितं."

बायका हसल्या. मग चंद्रक्का पुढे सरकून बसली. "ह्ये बग. आमचं नाव घाल. मोठ्या अक्षरात घाल. फोटो पायजे तर फोटो काढ, मी नवीन लुगडं नेसते. जागा तेवढी नको."

"व्हय मॅडम," बाकीच्या म्हणाल्या. "नाव घाला. जागा नको."

मी घाईनं म्हटलं, "पण तुम्ही सह्या केल्यात ना?"

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे शब्द गिळले. त्यांनी वाचत होत्या ती पानं बाजूला काढली आणि चंद्रक्काला विचारलं, "मग नावं कशी लिहू? वडिलांचं लावू का नवऱ्याचं?" ती चर्चा मात्र दिवे लागेपर्यंत चालली.

आता नीतिमत्तेचा नियम असा, की नाव लपवायचं, जागा सांगितली तरी चालते. मॅडमच्या हातात आला होता बरोबर उलटा कारभार. आणि प्रकरण जायचं होतं त्यांच्याच समितीपुढे. बैठकीच्या दिवशी मॅडम सदस्याच्या खुर्चीतून उठल्या आणि अर्जदाराच्या बाजूला, माझ्या शेजारी येऊन बसल्या.

समितीचे अध्यक्ष मॅडमचं चांगलं चिंतणारे होते, म्हणून तर अवघड झालं. "मॅडम, शेवटचा नकाशा हाच संग्रहाचा गाभा आहे. तो काढला तर काम अपूर्ण दिसेल. आणि नावं छापायला तर बंदीच आहे. सह्या आहेत तुमच्याकडे. नकाशा ठेवा, नावं काढा, मी आत्ता मंजूर करतो. पुढच्या महिन्यात तुमची मुलाखत आहे."

"सह्या तेव्हाच्या आहेत, सर. नको आत्ताचं आहे."

"पण नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात!"

"व्हय की," मॅडम म्हणाल्या. समितीत त्या कधी असं बोलत नसत. "माणसाला जपायला शिकवलं. त्यांना कशानं जपल्यासारखं वाटतं ते त्यांनी सांगितलं. आता मी काय, तुमाला जास्त कळतंय म्हणून त्यांना सांगू?"

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. मॅडम सावकाश पाणी प्यायल्या. मी शेजारी बसून मनात धावा करत होतो, की घ्या मॅडम, घ्या, एवढं एक घ्या. ग्लास खाली ठेवून त्या म्हणाल्या, "नको, सर." आणि फाइल मागून घेतली.

विद्यापीठानं संग्रह छापला नाही. मुलाखतीला त्या गेल्या, हसतमुखानं परत आल्या, आणि पद दुसऱ्या कुणाला मिळालं. त्यांना वाईट वाटलं का? वाटलं. तसं त्या म्हणाल्याही. दोन दिवस डबा आणला नाही, तिसऱ्या दिवशी आणला. माझा राग मात्र आजही पुरता गेलेला नाही.

संग्रह शेवटी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात छापला. मी सुचवलं, नकाशात त्या जागेपुरता पांढरा ठिपका ठेवू. मॅडम म्हणाल्या, "ठिपका म्हंजे पत्ताच की." मुद्दा बरोबर होता. "मग?" "सगळा कागद कोरा ठेवा." तेव्हा शेवटच्या पानावर मी फक्त चौकट काढली. उत्तरेचा बाण काढला. प्रमाणपट्टी काढावी का, असं विचारलं. कोऱ्या कागदाला प्रमाण कशाला?

"काढा की. नकाशा हाय तो."

चौकटीखाली बायकांची नावं आली, ठळक अक्षरांत, सर्वांत वर चंद्रक्काचं. कच्ची प्रत पाहायला गेलो तर छापखानेवाल्यानं चौकटीच्या मधोमध सोनेरी गणपती बसवला होता. "रिकामं राहिलं होतं ओ साहेब, बरं दिसंना. वरनं बायांची नावं, म्हटलं निमंत्रक असतील." मॅडम तिथल्याच कागदाच्या गठ्ठ्यावर बसून पोट धरधरून हसल्या. "गणपती लई गोड हाय, पण त्याला उठवा. बायकांची जागा हाय."

माझा मूळ नकाशा मॅडमनी चंद्रक्काला देऊन टाकला. ज्यांची जागा, त्यांचा नकाशा. मला वाटलं होतं, निदान पेटीत जपून ठेवील. पुढे एकदा तिच्या दारावरून गेलो, तर बाईनं तो नेमका कापून सुपात अंथरला होता, तंबाखूचा भुगा खाली गळू नये म्हणून. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली रेघ तंबाखूखाली. मी रागारागानं मॅडमना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "जाड कागद वापरत जा म्हटलं होतं ना, बघा किती टिकला."

निरोपसमारंभात मॅडमनी खुर्ची नाकारली नाही. खुर्चीवर चादरीचा तुकडा अंथरून बसल्या, सगळी भाषणं ऐकली, आणि आपलं भाषण एका वाक्यात आटोपलं: "आता मी निवांत बसणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही बाई अक्षरशः तेच सांगते आहे, हे तिथं फार जणांना कळलं असेल असं वाटत नाही.

मीही यथावकाश निवृत्त झालो. बायकांच्या त्या जागेजवळून जाणाऱ्या रस्त्यानं मी सहसा जात नाही. पण गेल्या थंडीत पलीकडचा रस्ता खणून ठेवला होता आणि माझी स्कूटर नाइलाजानं तिकडून वळली. उन्हं उतरत होती. सावली मी काढली होती तिथंच पडली होती.

बायका बसल्या होत्या, कुठं बघायचं ते ठाऊक असलेल्यालाच दिसतील अशा. मधोमध चंद्रक्का, सुपारी चघळत. तिच्या शेजारी बंडगर मॅडम. चपला बाजूला काढलेल्या, पाय लांब पसरलेले, पदर खांद्यावरून सुटलेला. हातात काही नाही. त्या कुणाशी बोलत नव्हत्या, काही टिपत नव्हत्या, कशाचा अभ्यास करत नव्हत्या. खूप वर्षांनी मी त्यांना पाहत होतो. केस पार पांढरे झाले होते आणि चेहरा निवांत.

स्कूटर आपोआप हळू झाली. मॅडमनी मान वळवली. त्यांनी मला ओळखलं, हे मला दिसलं. माझ्या जिभेवर शब्द आलेच होते: "काय मॅडम, इकडे कुठे?"

मी तो प्रश्न तोंडातच धरला, नजर रस्त्यावर ठेवली आणि पुढे निघून आलो.

घरी पोचल्यावर बायको म्हणाली, "एवढा उशीर? कुठून आलात?" मी म्हटलं, "गावातून." आणि तिचा हात धरून तिला म्हटलं, तू बस जरा, चहा मी टाकतो.